आधी पाणी मागा

वाचकाचं पत्र

मी चौतीस वर्षांचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात साखर कारखान्याच्या गावात आमची जुनी मंडळी, म्हणजे चर्च, आहे. यंदा मला तिचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचा सेक्रेटरी म्हणून निवडलं. दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या गावाबाहेर कोप्या टाकून राहतात. महिनाभरापासून त्यांच्यातल्या तीन बायका लेकरं घेऊन रविवारी उपासनेला येतात आणि दाराशी, चपला काढतो तिथे, खाली बसतात. कमिटीच्या मीटिंगमध्ये एक ज्येष्ठ सभासद, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, म्हणाले, "दार सगळ्यांना उघडं आहे, पण मंडळी म्हणजे धर्मशाळा नव्हे." कोणी म्हणालं, ब्लँकेट मिळतील म्हणून येतात. मी गप्प बसलो. मोठ्यांना उलटं बोलू नये, नम्र राहावं, हेच लहानपणापासून शिकलोय. आता तरुण संघाने सुचवलंय की नाताळच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांसमोर, स्टेजवर या बायकांचे पाय धुवावेत आणि ब्लँकेट द्यावीत, म्हणजे सगळ्यांना संदेश जाईल. मला ते पटतंय आणि पटतही नाही. खरं सांगतो, सेक्रेटरी झाल्यावर स्टेजवर नावाची पाटी लावलेली खुर्ची मिळाली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. माझ्या आजोबांना गावाच्या आडावर पाणी भरू देत नव्हते. त्यांचा मी नातू. नम्र राहून पुढारीपण करायचं कसं? आणि यावरून मंडळी फुटली तर?

उत्तर

ख्रिस्तात प्रिय बंधू, सलाम.

पाय धुण्याचं आधी बोलते, कारण नाताळ तोंडावर आलाय. ते करू नका.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आज रात्री पुन्हा वाचा. येशूने पाय धुतले ते माडीवरच्या खोलीत, जेवण चालू असताना, रोज बरोबर चालणाऱ्या माणसांचे. बाहेरचं कोणी बघत नव्हतं. पेत्र तरीही अवघडला, नको म्हणाला. त्याला नको म्हणता आलं, येशूने त्याचं ऐकून घेतलं, त्याच्याशी बोलला. तुमच्या स्टेजवर बसवलेल्या बाईला नको म्हणता येईल का? मुकादम समोर उभा असेल, नवरा असेल, गावातली माणसं मोबाइल वर धरून असतील. उसाच्या पाचटाने आणि खोडक्यांनी चिरलेले पाय ती रोज सकाळी लुगड्याखाली झाकते. ते दिव्याखाली सगळ्यांना दाखवायचे आणि त्याला आपण सेवा म्हणायचं, हे मला सहन होत नाही. तरुण संघाच्या पोरांचा हेतू चांगला आहे. त्यांना रागावू नका. त्यांना एवढंच विचारा की तुमच्या आईला असं बसवाल का.

पोप फ्रान्सिस यांचं उदाहरण पोरं देतील, म्हणून तेही सांगते. २८ मार्च २०१३ ला, पोप झाल्यावरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, ते रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या, एक त्यातली मुसलमान. त्या विधीला तोवर नियमाप्रमाणे पुरुषच बसवायचे, म्हणून पुष्कळ वाद झाला. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. त्यांनी त्या पोरांना आपल्याकडे बोलावलं नाही, ते पोरांकडे गेले. २०२५ च्या १७ एप्रिलला तर आजाराने ते इतके थकले होते की वाकणं शक्य नव्हतं. तरी रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले. यंदा पाय धुता येत नाहीत, पण तुमच्याजवळ यायचं होतं, असं कैद्यांना म्हणाले. चार दिवसांनी ते वारले. त्या वर्षी पाण्याचं भांडं, टॉवेल काही नव्हतं. फक्त जाणं होतं.

आता तुमच्या गप्प बसण्याबद्दल. तुम्ही त्याला नम्रता म्हणता. मला ती भीती वाटते, आणि नवीन माणसाला भीती वाटणं साहजिक आहे. पण दोन्हीला एकच नाव देऊ नका, नाहीतर पुढची वीस वर्षं तुम्ही भित्रे राहाल आणि स्वतःला नम्र समजत राहाल. अण्णांसमोर तुमची मान खाली गेली. दाराशी बसलेल्या बायकांसमोर गेली का? तुमच्या पत्रात अण्णा आहेत, तरुण संघ आहे, प्रमुख पाहुणेही आहेत. बायका तीन आहेत आणि नाव एकीचंही नाही. मी ती छापणार नव्हतेच. पण तुम्हाला ती माहीत असती तर पत्रात कुठेतरी आली असती.

खुर्चीबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, ते मला आवडलं. मार्कच्या दहाव्या अध्यायात जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येतात आणि म्हणतात, तुझ्या गौरवात एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसव. बाकीचे दहा चिडतात. मला नेहमी वाटतं, ते चिडले कारण त्यांनाही तीच जागा हवी होती. येशूने बारांतल्या कोणाला काढून टाकलं नाही. ज्याला मोठं व्हायचं त्याने सेवक व्हावं, एवढं सांगितलं आणि चालू लागला.

तो पुढे यरीहोला पोहोचतो, ते वाचायचं आपण बहुतेक वेळा विसरतो. वाटेच्या कडेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी ओरडतोय. लोक त्याला दटावतात, गप्प बस. हे दटावणारे कोण? येशूच्या मागून चालणारे. म्हणजे आपणच, तुमच्या आमच्या कमिट्या. येशू थांबतो, त्याला बोलवा म्हणतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? थोड्या ओळी मागे हाच प्रश्न त्याने याकोब आणि योहानाला विचारलाय. एकाच अध्यायात तोच प्रश्न दोनदा, एकदा खुर्ची मागणाऱ्यांना आणि एकदा रस्त्यावरच्या माणसाला. ज्यांनी खुर्ची मागितली त्यांना ती मिळाली नाही. ज्याने डोळे मागितले त्याला मिळाले. त्याला काय हवंय ते सगळ्यांना दिसत होतं, तरी येशूने विचारलं. तुमच्या मंडळीत या बायकांना महिनाभरात हा प्रश्न कोणी विचारलाय का? ब्लँकेटवर दोन मीटिंगा झाल्या असतील. ब्लँकेट हवंय का, हे कोण विचारायला गेलं?

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. तीसेक वर्षं झाली. मी आमच्या महिला मंडळाची चिटणीस होते. आम्ही अशाच एका टोळीच्या तळावर कपडे वाटायला गेलो. चुलीपुढच्या एका म्हातारीने जर्मनच्या पातेल्यात कोरा चहा उकळला आणि बशीत ओतून माझ्यापुढे धरला. पातेल्याला काळी पुटं चढली होती. मी म्हणाले, नको, आत्ताच घेतला. खोटं बोलले. ती काही बोलली नाही. बशीतला चहा परत पातेल्यात ओतला आणि मी दिलेली साडी घडी न मोडता बाजूला ठेवली. मी त्या दिवशी पंधरा साड्या वाटल्या आणि एक बशी चहा घेऊ शकले नाही. घरी येऊन योहानाचा चौथा अध्याय काढला, तेव्हा पहिल्यांदा नीट कळला.

शोमरोनी स्त्री विहिरीवर येते. यहूदी माणूस तिच्या भांड्यातलं पाणी पीत नाही, हे तिला ठाऊक आहे, वाचणाऱ्यालाही ठाऊक आहे. आणि येशू बोलायला सुरुवात करतो ती उपदेशाने नाही. मला प्यायला पाणी दे, म्हणतो. त्याला तहान लागलीय, ती खरी. भांडं तिच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. आपल्या महाराष्ट्रात हे वाक्य जितकं कळावं तितकं क्वचितच कुठे कळत असेल. पाण्यासाठी महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर हजारो माणसं चालून गेली, त्यानंतरही तुमच्या आजोबांसारख्यांना गावच्या आडावर जाता येत नव्हतं.

पंडिता रमाबाईंनाही याच विहिरीने गाठलं. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती धर्मभगिनींकडे राहिल्या. लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकून दिलेल्या बायकांची सेवा करणारं घर त्यांनी पाहिलं आणि विचारलं, तुम्ही या बायकांची इतकी काळजी का घेता? तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाईंनी स्वतः हे लिहून ठेवलंय. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावचं त्यांचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. त्यांचे आई-वडील दुष्काळातच गेले होते. उपाशीपोटी चालणं त्यांना माहीत होतं. त्या मुलींकडे वरून खाली बघण्याचा प्रश्नच नव्हता. आयुष्याच्या शेवटी त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी केलं, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं अशा सोप्या भाषेत. त्याचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायला आणि छपाईला मुक्तीतल्याच बायका होत्या. ज्यांना त्यांनी आणलं, त्यांच्याच हातून देवाचं वचन बाहेर पडलं.

आणि लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं लगेच सुटलं नाही. ही जातपात देवाने केलेली नाही, माणसांनी केलीय, हे एके दिवशी आतून पटलं आणि त्यांनी कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा, म्हणजे हे त्याच्या आधी. पाण्याची वाट आधी मोकळी झाली.

म्हणून तुम्हाला पहिलं काम हेच सांगते. येत्या दोन-चार दिवसांत संध्याकाळी कोप्यांवर जा. कमिटी नको, कॅमेरा नको, हातात पिशवीही नको. घरच्या मंडळींना बरोबर न्या, बायकांशी बोलायला बरं पडेल. टेकायला सांगतील तिथे बसा आणि पाणी मागा. चहा आला तर प्या. नावं विचारा, गाव विचारा. ऐका. बायका पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापतात, मग फडात जातात, गाडी भरायला कधी रात्र होते. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, म्हणून एक दिवस बुडाला तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. याच खाड्याच्या भीतीने बीड जिल्ह्यातल्या कितीतरी ऊसतोड बायकांनी गर्भाशयच काढून टाकलं. २०१९ मध्ये हे राज्यभर गाजलं, तुम्हीही वाचलं असेल. आता विचार करा, उसाला रविवार नसतो. तुमच्या नऊच्या उपासनेला या बाया येतात त्या काय सोडून येत असतील? ब्लँकेटसाठी येतात म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

तिथे काही द्यायची घाई नको आणि बाप्तिस्म्याचा विषय मदतीला जोडून कधीही काढू नका. त्यांच्या कोपीत देवाचे टाक असतील तर त्यांना मान द्या. कदाचित त्या आधीपासूनच ख्रिस्ती असतील, बीडकडच्या एखाद्या लहान मंडळीतल्या, आणि परगावी प्रभूचं घर शोधत तुमच्या दाराशी आल्या असतील. महिनाभर आपण त्यांना परकं समजतोय, असंही निघेल. काय हवंय ते विचाराल तेव्हा उत्तर अगदी साधं येऊ शकतं. मंडळीच्या आवारातल्या नळावर दोन हंडे भरू द्या, एवढंच कदाचित. तसं झालं तर तुम्हाला आजोबा आठवतील. त्या क्षणी कमिटीच्या परवानगीची वाट बघू नका. सेक्रेटरीला नळाची किल्ली देता येते.

मग अण्णांच्या घरी जा. एकटे जा.

अण्णांवर माझा राग नाही. तुम्हीही धरू नका. त्यांच्या पिढीने मंडळीच्या पत्र्यांसाठी घरोघर वर्गणी मागितली असेल. "धर्मशाळा नव्हे" या शब्दांमागे मला एक जुनी जखम दिसते. तीन पिढ्यांच्या शिक्षणाने, नोकरीने, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्याने जे अंतर कापलं, ते दाराशी बसलेल्या चार लेकरांमुळे पुसलं जाईल असं त्यांना वाटत असावं. लोक पुन्हा म्हणतील, ही त्यांचीच मंडळी. त्यात सरकारने ख्रिस्ती झालेल्या दलितांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. पुढे १९५६ ला शीख दलितांना आणि १९९० ला बौद्धांना त्यात घेतलं, आपण अजून बाहेरच आहोत. दारात उभं राहणं काय असतं हे अण्णांइतकं कोणाला कळणार? म्हणून तर ते दार घट्ट धरून ठेवतात. त्यांना त्यांच्या लहानपणचं विचारा. पाणी कुठून आणायचे ते विचारा आणि ऐकताना मध्ये बोलू नका.

निघताना सरळ सांगा, अण्णा, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी बोललो नाही ते चुकलं. पुढच्या मीटिंगला मी या बायकांच्या बाजूने बोलणार आहे. तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून आधी सांगायला आलो. हे बोलताना पाय लटपटतील. तरी बोला. मोठ्यांचा मान ठेवणं म्हणजे त्यांना अंधारात न ठेवणं, असंही मला वाटतं. तुम्ही गप्प बसलात तेव्हा अण्णांना तुमचं खरं मत कळलंच नाही, म्हणजे त्यांचाही मान राहिला नाही.

मीटिंगच्या आधीच्या रविवारी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचायची विनंती पाळक साहेबांना करा. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा, असं करणाऱ्या सभेबद्दलच ते लिहिलंय. तुम्ही स्वतः वाचू नका. तुम्ही वाचलंत की ते अण्णांना उद्देशून होईल. पाळकांनी वाचलं की ते सगळ्यांना लागेल, तुम्हाला आणि मलाही. आणि त्या दिवसापासून तुम्ही दाराशी बसा. पाटी काढायची मोहीम नको, खुर्ची सोडल्याची घोषणा नको. नुसतं जाऊन त्या सतरंजीवर बसा, लेकरू रडलं तर बाहेर घेऊन जा. महिनाभर असं केलंत की तिथून मंडळी कशी दिसते ते कळेल. माइकचा आवाज तिथपर्यंत येतो की नाही हेसुद्धा.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही असाच तंटा झाला होता. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना दाबलं नाही. सात माणसं निवडायला सांगितली आणि सगळं वाटप त्यांच्या हाती दिलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ती नावं आहेत. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांना डावललं त्यांच्याच माणसांकडे कोठी गेली. मला मंडळीच्या पुढारीपणाचं याहून मोठं काम माहीत नाही. तुम्हीही नाताळचं जेवण ठरवायला बसाल तेव्हा त्या तिघींपैकी एकीला बोलवा. वेळ त्यांना जमेल अशी ठेवा. वाढायला त्यांना उभं करायचं नाही, त्यांनी पंगतीत बसायचं, आणि भाकरीचं पीठ किती लागेल ते त्यांनी सांगायचं. पन्नास माणसांचा स्वयंपाक तळावर कसा होतो ते त्यांना तुमच्या कमिटीपेक्षा नीट ठाऊक आहे.

मंडळी फुटली तर, असं विचारलंत. फुटणार नाही असं मी छातीठोक सांगू शकत नाही. एखाद-दोन घरं रुसतील, नाताळच्या जेवणाला येणार नाहीत. त्यांच्याकडेही जा, त्यांच्या घरीही पाणी मागा. पण त्यांच्या परत येण्याची किंमत म्हणून त्या बायकांना दाराबाहेर करू नका.

मार्च-एप्रिलच्या सुमाराला कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल, आणि टोळ्या गावी परततील. त्याआधी त्यांच्या गावाजवळच्या मंडळीचा पत्ता शोधून ठेवा. त्यांची इच्छा असेल तर तिथल्या पाळकांना फोन करून तिघींची नावं सांगा. आणि मला पुढचं पत्र लिहाल तेव्हा ती नावं त्यात असू द्या.

तुमची ताई